वेळोवेळी

मराठीत काही शब्द दिसायला अगदी गरीब असतात. त्यांतला सर्वांत गरीब दिसणारा आणि सर्वांत पोचलेला शब्द म्हणजे ‘वेळोवेळी’. घरात तो औषधाच्या बाटलीबरोबर येतो आणि कुणाचं काही बिघडवीत नाही. आमच्या बँकेच्या फॉर्मवर मात्र तो असा येतो : ‘नियम व अटींत वेळोवेळी बदल करण्याचा अधिकार बँक राखून ठेवीत आहे.’ गेली वीस वर्षं मी ह्या वाक्याखाली लोकांच्या सह्या घेतो आहे. ‘इथे, इथे आणि इथे’ एवढंच म्हणावं लागतं.

ते वाक्य वाचणारा खातेदार मला एकच भेटला. निवृत्त पोस्टमास्तर होते. त्यांनी चष्मा पुसला, वाक्य दोनदा वाचलं, ‘बँक’च्या पुढे ‘व खातेदार’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि शेजारी सही ठोकली.

“काका, फॉर्मवर खाडाखोड चालत नाही.”

“अहो, तुम्ही उद्या अख्खा फॉर्म बदलणार, ते चालतं?”

शेवटी काकांनी कोऱ्या फॉर्मवर निमूट सही केली. पेन्शन कुठेतरी जमा व्हायला हवीच.

खाडाखोडीच्या बाबतीत आम्ही फार सोवळे. १ डिसेंबर २०१० पासून सीटीएस क्लिअरिंगच्या चेकवर तारखेखेरीज कसलीही दुरुस्ती चालेनाशी झाली. नावातली वेलांटी चुकली तरी चेक नवा लिहा! आणि ज्या करारावर ते चेकबुक मिळतं, तो करार मात्र वेळोवेळी.

बी.कॉम.ला आम्हांला १८७२ चा कराराचा कायदा होता. त्याचं कलम १३ म्हणतं, संमती म्हणजे दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने होकार देणं. आता जी अट तीन वर्षांनी कुणाच्या तरी डोक्यात येणार आहे, तिला मी आज कुठल्या अर्थाने होकार देणार? बोहल्यावर उभं राहिलेल्याला ‘वधू वेळोवेळी बदलेल’ असं सांगितलं, तर तो अंतरपाट दूर होण्याची वाट बघेल का?

कंपन्यांचीही बाजू आहे, नाही असं नाही. लाखो गिऱ्हाइकांना एकेक करून विचारत बसलं तर दुकानाला कुलूप लागेल. महागाई त्यांनाही आहे. आमचा दूधवालाही भाव वाढवतोच की. पण त्यासाठी तो दारात उभा राहतो. आमची सौ. त्याच्या म्हशीपासून नळापर्यंत सगळ्यांचा उद्धार करते, तो मान खाली घालून ऐकतो, चार रुपये मागतो आणि दोनावर तुटतं. त्याला तोंड दाखवावं लागतं. कंपनीला तोंडच नसतं, नुसता एसेमेस असतो.

‘पटत नसेल तर सोडा’ असं म्हणतात. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये तसा रस्ताही ठेवला : आकार बदलायचे तर महिनाभर आधी कळवा, आणि गिऱ्हाइकाला तोट्याच्या बदलामुळे कार्ड परत करायचं असेल तर त्याचे जादा पैसे घेऊ नका. चांगलं आहे. पण शेजारच्या बँकेतही ‘वेळोवेळी’ छापलेलंच असतं. २०२१ साली व्हॉट्सॲपने नवी अट पुढे केली, मान्य करा नाहीतर राहू द्या. राहू देऊन जाणार कुठे? सोसायटी तिथे, शाळा तिथे, साडूभाऊ तिथे. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पर्धा आयोगाने त्यावरून मेटाला २१३ कोटींवर दंड ठोठावला, मग अपिलं सुरू झाली. तुमच्याआमच्यासाठी २०१९ चा ग्राहक कायदा आहे. त्यात ‘अन्याय्य करार’ असा शब्दच आहे. फक्त ती तक्रार जिल्ह्याला चालत नाही, राज्य आयोगाकडे न्यावी लागते. कापलेले असतात एकशे अठरा रुपये!

परवा दूधवाल्यानेही मोबाइल काढला. संदेश आला : ‘एक तारखेपासून दर वाढला आहे. दूध घेतल्यास मान्य समजू.’ सौ.ने तिथल्या तिथे उत्तर धाडलं : ‘बिल यापुढे वेळोवेळी देण्यात येईल.’

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो दारात उभा होता.