सुट्टीचा भोंगा

जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांची एक चित्रफीत मोबाइलवरून फिरू लागली. कर्मचाऱ्यांना रविवारीही कामाला लावता येत नाही याची त्यांना खंत वाटत होती. घरी बसून बायकोच्या तोंडाकडे किती वेळ बघत बसणार, असा त्यांचा सवाल होता आणि आठवड्याला 90 तास कामाची अपेक्षा होती. त्याआधी ऑक्टोबर 2023 मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांनी तरुणांना 70 तासांचा सल्ला दिला होता. दोन्ही वेळी चिकार विनोद झाले, तावातावाने चर्चा झाल्या. चर्चेचा सूर मात्र बराचसा एकच होता: काम आणि घर यांचा तोल ही नव्या पिढीची, बाहेरून आलेली हौस आहे.

हा समज निदान मुंबईत तरी टिकायला नको. रविवारची सुट्टी याच शहरात भांडून मिळवलेली आहे.

1884 च्या सप्टेंबरमध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा झाल्या. त्या भरवणारे नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’ या वृत्तपत्राचे संपादक. मांडवीच्या गिरणीत त्यांनी स्वतः नोकरी केलेली होती. साडेपाच हजार कामगारांच्या वतीने तयार झालेल्या अर्जातल्या मागण्या आज वाचताना चमकायला होते. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे आणि पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात पडावा. हिशेब मांडला तर हा आठवडा पासष्ट-सत्तर तासांच्या आसपास जातो. म्हणजे मूर्तींनी 2023 मध्ये जी मेहनत आदर्श म्हणून सांगितली, साधारण तेवढीच लोखंडेंनी 1884 मध्ये सवलत म्हणून मागितली होती!

मालकांचे म्हणणे साधे होते. कामगार सणासुदीला गावी जातो, मधूनच दांडी मारतो. त्याला ठरलेल्या सुट्टीची गरज काय? वरवर पाहता यात तथ्य आहे. पण दांडी मारणारा एकटा घरी राहतो. गिरणी चालूच असते, पगार कापला जातो आणि उद्या मुकादमापुढे मान खाली घालावी लागते. लोखंडेंना हवा होता तो यंत्रच बंद राहील असा दिवस. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या. 10 जूनला गिरणी मालकांच्या संघटनेने रविवार मान्य केला. पुढच्याच वर्षी फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली.

आज तोलाची भाषा बोलणारे नेमके इथेच घसरतात. सवड ही आता ज्याची त्याने काढायची चीज झाली आहे. वेळेचे नियोजन करा, पहाटे उठा, ध्यान करा, सुट्टीच्या दिवशी फोन बाजूला ठेवा. मराठीत या उपदेशाला आधीपासूनच तयार म्हण आहे: आवड असली की सवड मिळते. सवड मिळत नसेल तर दोष आवडीचा, पर्यायाने माणसाचा. रात्री साडेदहाला साहेबांचा व्हॉट्सॲप संदेश आला तर उत्तर द्यायचे की नाही, हे कर्मचाऱ्याने आपल्या हिमतीवर ठरवायचे. गिरणीच्या भोंग्याने निदान हा निर्णय कुणा एकावर टाकला नव्हता. तो वाजला की सगळेच बाहेर पडत.

दुसऱ्याच्या विश्रांतीकडे आपण कसे बघतो, याचा नमुना पुण्यात सापडतो. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्यावर निघालेल्या विनोदांची गणती नाही. चितळे बंधूंनी 2017 मध्ये दुपारीही दुकान उघडे ठेवायचे ठरवले, तर त्याची बातमी झाली. एरवी आपल्या वामकुक्षीचे कौतुक सांगणारा माणूस गिऱ्हाईक झाला की बंद शटर बघून चिडतो. त्याचीही अडचण खोटी नाही. नोकरदाराला खरेदीसाठी तीच वेळ मिळत असेल तर त्याने जायचे कुठे? सगळे एकाच वेळी थांबले तर शहर अडते. दवाखाना, लोकल, दूध यांना रविवार नसतोच.

म्हणून वाट निघाली ती पाळीपाळीने सुट्टीची. दादरच्या बऱ्याच दुकानांना सोमवारी सुट्टी असे, ती बाजाराची म्हणून सगळ्यांची असे. 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान वर्षाचे 365 दिवस उघडे ठेवायला परवानगी दिली आणि कामगाराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी बंधनकारक ठेवली. कागदावर कुणाचे काही गेले नाही. प्रत्यक्षात नवऱ्याचा मंगळवार, बायकोचा गुरुवार आणि मुलांचा रविवार अशी वाटणी होऊ शकते. सुट्टी तिघांना मिळते, पण घर एकत्र जेवायला बसत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानांतला कामाचा दिवस नऊ तासांवरून दहा आणि कारखान्यांतला बारा तासांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. आठवड्याची 48 तासांची मर्यादा कायम राहील आणि जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल, असे ठरले. मालकाने पुढे केलेल्या कागदावर सही नाकारण्याची ऐपत किती जणांची असते, हे कुठल्याही दुकानातल्या पोराला विचारावे.

याउलट, ठरवले तर पाळीसुद्धा नीट लावता येते. 2016 मध्ये मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग सुरू झाला. कल्पना तिथल्याच एका शिपायाची होती. तत्कालीन आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांनी ती उचलून धरली. पोलिसांचे काम बारा तासांत आवरत नाही असे म्हणणाऱ्या खात्याने तीन पाळ्यांचे तक्ते बसवले आणि पुढे हा प्रयोग शहरातल्या इतर ठाण्यांत नेला.

जानेवारी 2022 मध्ये राज्यभरच्या महिला पोलिसांनाही बारा तासांऐवजी आठ तासांची ड्यूटी देण्याचा आदेश निघाला. निर्णय स्वागतार्ह, पण त्यामागचा विचार बोलका होता: बाईला घरही सांभाळायचे असते. म्हणजे वाचलेले चार तास विसाव्याचे नव्हेत, दुसऱ्या ड्यूटीचे. 2024 च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी 289 मिनिटे त्यात जातात. जे पुरुष घरकाम करतात त्यांची 88. महालक्ष्मीच्या सभेत बोललेल्या त्या दोघींना रविवार मिळाला खरा, पण चुलीला भोंगा नव्हता आणि अजूनही नाही. रविवारी नवरा घरी, मुले घरी, पाहुणे घरी. स्वयंपाक नेहमीपेक्षा जास्त. सुब्रह्मण्यन यांच्या सवालाचा रोख घरी रिकाम्या बसलेल्या नवऱ्यावर होता. बायको त्या वेळी काय करत असेल, हा प्रश्न त्यांना पडला नाही आणि त्यांच्यावर विनोद करणाऱ्या बहुतेकांनाही पडला नाही.

कार्यालयीन वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मिळावा, यासाठी खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 च्या डिसेंबरमध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडले आणि 2025 च्या डिसेंबरमध्ये ते पुन्हा मांडले. 1970 नंतर संसदेत एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही. या दोन डिसेंबरांत सात वर्षांचे अंतर आहे. लोखंडेंचा अर्ज परळच्या सभेपासून मालकांच्या होकारापर्यंत पोचायला सहा वर्षे पुरली होती. पण त्या होकाराच्या दीड महिना आधी महालक्ष्मीच्या मैदानात दहा हजार माणसे येऊन उभी राहिली होती.