दाई शोधणारी बहीण
(निर्गम २:१-१०)

नील नदीच्या काठी लव्हाळ्यात ठेविलेले बाळ रडत होते. राजकन्येस दया आली खरी. परंतु दयेने तान्ह्याचे पोट भरत नाही. दूर उभ्या असलेल्या बहिणीने हे ओळखिले, आणि दाई शोधून आणू काय, असे तिने पुढे होऊन विचारिले. आमचे उपदेशक मोशेविषयी पुष्कळ बोलतात. ह्या मुलीच्या विचारण्यापाशी मात्र ते क्वचितच थांबतात.

प्रिय वाचकहो, सन २०२२ साली अमेरिकेसारख्या संपन्न देशातील आईबापांवर दूध शोधीत फिरण्याचा प्रसंग आला. तेथे पुष्कळ तान्ही मुले डब्यातील भुकटीच्या दुधावर वाढतात, आणि ती भुकटी बहुतांशी तीनचार कंपन्याच करीत. मिशिगन राज्यातील स्टर्जिस येथील मोठ्या कारखान्याच्या मालात रोगजंतू असावेत, ह्या संशयावरून फेब्रुवारीत तो माल परत मागविण्यात आला व कारखाना बंद पडला. मे महिन्यात कित्येक दुकानांच्या फळ्या रिकाम्या दिसू लागल्या. गरीब मातांस सरकारी योजनेतून भुकटी मिळे, पण ती ठरलेल्या एकाच कंपनीची. तो डबा नसला तर दुसरा घेता येईना. पुढे हा नियम सैल करण्यात आला.

आईने अंगावर का पाजू नये, असे विचारून अनेकांनी हात झटकिले. आईचे दूध सर्वांत उत्तम, हे आम्हीही सांगतो. परंतु आटलेले दूध टोमण्यांनी परत येत नाही. आणि काही आजारी बालकांस तर विशेष भुकटीवाचून दुसरे काही पचतच नाही. अशांसाठी २२ मे रोजी जर्मनीहून लष्करी विमानाने सुमारे ३५ टन भुकटी आणविण्यात आली. बाकीच्यांस डॉक्टरांजवळचे नमुन्याचे डबे, अन्नपेढ्या आणि शेजारणी ह्यांचाच आधार होता.

अशा वेळी घाबरलेली आई उरलेल्या भुकटीत पाणी वाढविते. बहिणींनो, हे कदापि करू नका. त्याने बाळाच्या रक्तातील क्षार उतरतात, झटके येतात, प्राणावरही बेतते. ऐकीव कृतीने घरी कालविलेले दूधही तसेच धोक्याचे.

दाई शोधण्याचे काम आपल्याकडेही झाले आहे. मुंबईस शीव येथील रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस ह्यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी उघडिली. अशा पेढीत दूध देणाऱ्या मातेची तपासणी होते, दूध साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करितात, आणि मग ते अपुऱ्या दिवसांच्या वा आजारी बालकांस देतात. न तपासता कोणाचेही दूध पाजणे मात्र बरे नव्हे.

आपल्या मंडळीत एखादी बाळंतीण दूध पुरत नाही म्हणून रडत असेल, तर तिला आरोग्यकेंद्रात एकटी पाठवू नका. कोणीतरी अनुभवी बाईने सोबत जावे, परिचारिकेस सर्व नीट विचारून घ्यावे. आणि त्या दिवशी तिच्या थोरल्या मुलांस दुसऱ्या कोणी आपल्या घरी जेवू घालावे.