आधी काय उचललं?

२०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी बडोद्यातल्या आमच्या समा भागात शिरलं, त्या रात्रीची एक साधी गोष्ट माझ्या मनातून जात नाही. नदीची धोक्याची पातळी २५ फूट, आणि पाणी ३५ फुटांच्या वर गेलेलं. वीज नव्हती. सोसायटीच्या जिन्याच्या खालच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या होत्या आणि कुठल्या रस्त्यावर मगर दिसली याचे निरोप फोनवर फिरत होते. आमचं घर तळमजल्यावर. गुडघाभर पाण्यात उभा राहून मी कपाटातून पहिली वस्तू उचलली ती फाइल. तिच्यात माझी इंजिनिअरिंगची पदवी, बायकोची सर्टिफिकेटं, मुलीच्या दहावीपासूनच्या मार्कशीटा, घराचा दस्त. देवघर त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर होतं. देव दुसऱ्या खेपेला वर गेले.

यात चुकलं काहीच नव्हतं. देव पितळेचे, भिजले तर पुसता येतात; कागद एकदा गेला की गेला. तरी पाणी ओसरल्यावर गच्चीत दोरी बांधून ते कागद चिमटे लावून वाळत घालताना मला कसंतरीच झालं. तीस वर्षं मी रोज न चुकता पूजा करतो. ‘सगळं त्याच्या हातात’ हे शब्द माझ्या तोंडी येता-जाता असतात. मग घाबरलेला हात सरळ फाइलीकडे का गेला? माझा भरवसा नक्की कुणावर आहे?

त्या दोरीखाली उभं असताना मला याच शहरातली एक चूल आठवली. १९१६ साली बडोद्यात वीस वर्षांच्या एका मुलाने आपली सर्टिफिकेटं चुलीत घातली. आई स्वयंपाक करत होती, हा चुलीपाशी बसलेला. काय जाळतोस, तिने विचारलं. हे आता लागणार नाही, असं तो म्हणाला. आज नाही लागलं तरी ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं, हा तिचा पुढचा प्रश्न. कुठलीही आई हेच विचारेल. नोकरी कधी करायचीच नाही, मग ठेवायचं कशाला, एवढंच मुलाचं म्हणणं. २५ मार्चला तो इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसला, सुरतेला उतरला आणि काशीकडे निघाला. परीक्षेला न जाता दुसरीकडेच चाललो आहे, कुठेही गेलो तरी माझ्या हातून वावगं काही होणार नाही याची तुम्हाला खात्री आहेच, अशा अर्थाचं पत्र त्याने वडिलांना धाडलं.

विनायक नरहर भावे पुढे विनोबा झाले, म्हणून हा प्रसंग आपण चरित्रातल्या चमत्कारासारखा वाचतो आणि पान उलटतो. पण त्या दिवशी ते विनोबा नव्हते. गांधीजींची गाठ पडायची होती. हिमालयात जायचं की बंगालच्या क्रांतिकारकांकडे, हेही पुरतं ठरलेलं नव्हतं. काशी दोन्हींच्या वाटेवर होती. काशीत अन्नछत्रात एका वेळचं जेवण आणि वर दोन पैसे दक्षिणा मिळे. त्या दोन पैशांत रात्रीचं दही आणि रताळं. बरोबर निघालेल्या दोन मित्रांपैकी एक तिथेच वारला आणि त्याला अग्नी विनोबांनीच दिला. हे सगळं वीस वर्षांच्या मुलाने पाहिलं आणि तो परत फिरला नाही. ७ जूनला तो अहमदाबादला, कोचरबच्या आश्रमात गांधीजींकडे पोचला.

आपण आज ‘बिनधास्त जगा’ असं जे म्हणतो, ते हे नव्हे. बिनधास्त माणसाला परिणामांची फिकीर नसते. विनोबांना ती होती. आईवडिलांना काय वाटेल याची होती, म्हणून तर पत्र गेलं. फरक आहे तो आधार कुठे शोधला याचा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर जी प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी जी उतरून घेतली, त्यांत सोळाव्या अध्यायातल्या दैवी गुणांबद्दल त्यांनी केलेली उकल मला फार मोलाची वाटते. २६ गुणांच्या त्या यादीत अभय सगळ्यांत आधी येतं आणि नातिमानिता, म्हणजे नम्रता, शेवटी. विनोबा याकडे सैन्याची रचना म्हणून पाहतात: अभय आघाडीवर, नम्रता पिछाडीला. पुढून येणारी भीती अभय अडवतं. मागून, यश मिळाल्यावर, चोरपावलांनी येणारा अहंकार नम्रता अडवते.

मला वाटतं, देवावरचा भरवसा जर काही देत असेल तर तो या दोन्ही टोकांची राखण एकदम देतो. नुसतं धाडस माणसाला उद्धट करतं आणि नुसती नम्रता त्याला कोपऱ्यात बसवते. ‘हे माझं नाही’ असं ज्याला मनापासून वाटतं, त्याला हरण्याची भीती कमी आणि जिंकल्याचा माजही कमी.

बडोद्याला याची आणखी एक साक्ष आहे. श्री अरविंद १८९३ ते १९०६ बडोदा संस्थानाच्या नोकरीत होते. १९०७च्या डिसेंबरात सुरतेला काँग्रेस फुटली आणि तिथून ते बडोद्याला आले. त्यांची विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याशी भेट झाली, आणि सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या मजल्यावर एका लहानशा खोलीत दोघं ध्यानाला बसले. तीन दिवसांत मन पूर्ण निःशब्द झालं, असं अरविंदांनी पुढे स्वतः सांगितलं आहे. केम्ब्रिजला शिकलेला, शब्दांवर जगणारा हा माणूस. आणि डोक्यात एक शब्द उरला नाही. १९ जानेवारी १९०८ला मुंबईत बॉम्बे नॅशनल युनियनच्या सभेत बोलायचं होतं. त्यांनी लेल्यांना विचारलं, आता करू काय? लेल्यांचा सल्ला असा, की श्रोत्यांना नमस्कार करावा आणि थांबावं, भाषण येईल. ते आलं.

मी या प्रसंगाकडे योगसिद्धी म्हणून पाहत नाही, तो माझा प्रांत नाही. मला दिसतो तो नमस्कार केल्यानंतरचा क्षण. हजारो डोळे रोखलेले आहेत, जवळ तयार काहीच नाही, आणि माणूस पळत नाही. त्या क्षणात उभं राहणं मला आयुष्यात एकदाही जमलेलं नाही. माझ्याजवळ कायम टिपणं असतात.

पण इथे थांबलो तर मी अर्धंच बोललो, असं होईल. याच बडोद्यात १९१७च्या सप्टेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर संस्थानाच्या नोकरीवर रुजू झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव यांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकलेले. शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. ज्या पारशी विश्रामगृहात ते उतरले, तिथून काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. गाडीची वेळ होईपर्यंत कमाठी बागेत, आजच्या सयाजी बागेत, ते तासन्‌तास बसून होते. जाती पाळणाऱ्या या शहरात त्या दिवशी घरोघर पूजा झाल्या असतील. आंबेडकरांच्या पुढच्या आयुष्याहून धाडसी आयुष्य मराठी माणसाने क्वचितच पाहिलं असेल, आणि ते ईश्वरावरच्या विश्वासातून आलेलं नव्हतं. १९५६ साली नागपुरात त्यांनी स्वीकारलेला धम्म देवाला मध्यभागी ठेवत नाही. तेव्हा धीट आणि भरीव जगण्याचा मक्ता आस्तिकांकडे आहे, असं म्हणायला माझी जीभ धजणार नाही. उलट देवाचं नाव घेऊन किती माणसांना लहान ठेवलं गेलं, याचा हिशोब आस्तिकांनीच द्यायला हवा.

आपल्याकडे ‘देवावर भार घाल’ म्हणतात. यात एक खोट शिरते. आपला भार देवावर घालतोय असं म्हणत म्हणत माणूस तो दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवतो, आणि वर त्याला प्रारब्ध समजावून सांगतो. माझ्या लहानपणी मोठ्यांच्या तोंडून मी हे पुष्कळ ऐकलं. दुःख अर्थातच नेहमी दुसऱ्याचं असे. म्हणून मी स्वतःपुरती एक कसोटी ठेवली आहे. माझ्या भरवशाने शेजारचा माणूस मोठा होतो आहे की लहान?

या कसोटीवरही मला विनोबांकडेच परत यावं लागतं. १९५३च्या सप्टेंबरात बिहारमध्ये देवघरला, बैद्यनाथाच्या मंदिरात, ते हरिजनांना बरोबर घेऊन गेले आणि पंड्यांचा मार खाल्ला. एका कानाची ऐकण्याची शक्ती त्यात गेली. मारणाऱ्यांवर खटला भरू नये, असं त्यांनी सांगितलं. ज्याच्यावर सगळा भार, त्याच्याच दारात मार मिळाला. तरी त्यांच्या मनात देव आणि दार यांची गल्लत झाली नाही. १९५८ साली ते पंढरपूरला विठ्ठलाच्या दर्शनाला गेले तेव्हा बरोबर मुसलमान आणि ख्रिस्ती सहकारी होते, आणि बडव्यांच्या काळातलं ते मंदिर सगळ्यांसाठी उघडलं. त्याच्या अकरा वर्षं आधी, १९४७च्या मे महिन्यात, हरिजनांना तिथे प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींनी उपोषण केलं होतं. धुळ्याच्या तुरुंगात एक बोलला आणि दुसऱ्याने लिहून घेतलं, ते दोघंही असे एकाच उंबरठ्यावर आले.

आणि पोचमपल्ली. १८ एप्रिल १९५१. तेलंगणात सशस्त्र उठाव पेटलेला. गावातल्या हरिजनांनी विनोबांकडे ऐंशी एकर जमीन मागितली आणि जमीनदार रामचंद्र रेड्डींनी उभं राहून शंभर एकर देऊ केली. त्या रात्री विनोबांना झोप लागली नाही. देशभर अशी जमीन मागत फिरायचं, तर हे गणित माणसाच्या आवाक्यातलं नाही, हे त्यांना कळत होतं. भीती वाटत होती. त्यांनी पुढे सांगितलेलं समजुतीचं कारण अगदी घरगुती आहे: लेकराच्या पोटात भूक घालणाऱ्यानेच आईच्या छातीत दूध घातलं आहे, तो अर्धवट योजना करत नाही. दुसऱ्या दिवसापासून भूदान मागणं सुरू झालं आणि तेरा वर्षं पाय थांबले नाहीत.

उद्दिष्ट पाच कोटी एकरांचं होतं. हाती आली ती सुमारे चाळीस लाख एकर, आणि त्यातली बरीच खडकाळ, वादातली, कित्येक ठिकाणी वाटपच न झालेली. हे झाकून भूदानाची थोरवी सांगण्यात अर्थ नाही. भरवसा ठेवला की काम फत्ते होतं, असं मला सांगायचंच नाही. काम अपुरं राहतं. फक्त भरवसा नसता तर ते सुरूच झालं नसतं, आणि जी काही घरं स्वतःच्या तुकड्यावर नांगर धरती झाली, ती झाली नसती.

आता मला ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला ते सांगतो. या सगळ्या कथेत माझं लक्ष काशीला गेलेल्या मुलाकडे नाही, चुलीपाशी उरलेल्या आईकडे आहे. रुक्मिणीबाईंनी एकदा देवाला लाख तांदूळ वाहायचं ठरवलं. रोज एकेक दाणा मोजायच्या. विनोबांच्या वडिलांनी शास्त्रीय तोड काढली: एका मापात दाणे किती ते मोजावे आणि लाख होतील तेवढी मापं भरावीत. रुक्मिणीबाईंना उत्तर सुचेना, तेव्हा मुलाने सांगितलं, की दाणा मोजणं हे गणित नाही, प्रत्येक दाण्याबरोबर नाव घेतलं जातं. अशा बाईला मुलाने सर्टिफिकेटं जाळलेली पाहावी लागली, आणि मग मुलगाही गेला. गीता समजेल अशा मराठीत हवी, असं तिने त्याला सांगितलं होतं, आणि तूच ती का लिहीत नाहीस, असंही. ‘गीताई’ १९३०-३१ साली लिहून झाली. आई १९१८च्या फ्लूच्या साथीतच गेली होती. तिचे तीन मुलगे ब्रह्मचारी राहिले. निघणाऱ्याचं धाडस आपण लिहून ठेवतो. दाराशी उभं राहून जाऊ देणारीला तिच्या धाडसाबद्दल कोणी विचारतही नाही.

माझी मुलगी औषधांच्या कंपनीत चांगल्या पगारावर होती. गेल्या वर्षी तिने छोटा उदेपूरच्या बाजूला, आदिवासी मुलांच्या निवासी शाळेत विज्ञान शिकवायला जायचं ठरवलं. पगार तिसऱ्या हिश्श्याचा. मी तिला तीन महिने अडवलं. भविष्य, लग्न, तब्येत, सगळं काढलं. आणि रोज सकाळी पूजाही केली. बाविसाव्या वर्षी मलाही असंच कुठे तरी जायचं होतं. माझ्या वडिलांनी जे शब्द वापरले होते तेच माझ्या तोंडून येताहेत, हे एका रात्री जेवताना माझ्या कानांना ऐकू आलं, तेव्हा मी गप्प झालो. लेल्यांनी सांगितलेला नमस्कार बहुधा असाच असावा. माझ्याजवळ तयार असं काही उरलं नव्हतं.

जूनमध्ये ती निघाली. पहाटे माळ्यावरून फाइल काढून तिने तिच्यातले दोनच कागद घेतले. एम.एस्सी.च्या सर्टिफिकेटवर खालच्या बाजूला पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ आहे. तिने ते खिडकीपाशी उजेडात धरलं.

“बाबा, चालेल ना हे?”

“चालेल,” मी म्हटलं.

तिने देवाला नमस्कार केला. सहाची बस होती. मी तिची बॅग उचलली.