ऋण कोणाचे, आणि फेडावयाचे कोठे?



आपणांपैकी पुष्कळांच्या मनात एक प्रश्न सलत असतो. ज्यांच्या कष्टांमुळे आपण धम्माच्या दारापर्यंत पोहोचलो, त्यांचे उपकार फेडावयाचे कसे? ज्यांचे फेडावयाचे, ती माणसे तर निघून गेली. मग ते ऋण बुडाले असेच समजावयाचे काय? हा प्रश्न नवा नाही. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी एका भिक्खूपुढे तो उभा राहिला होता. त्याने तो कसा सोडविला, हे आपण पाहू या.

चीनचा भिक्खू ह्युएन त्संग इ. स. 629 च्या सुमारास भारताकडे निघाला. सरहद्द ओलांडण्यास राजाज्ञेने बंदी होती. तरीही धम्मग्रंथ मुळातून वाचावेत, शंका फेडून घ्याव्यात, या एकाच ध्यासाने तो लपतछपत बाहेर पडला. गोबीचे वाळवंट, तिएन शानचे हिमपर्वत, समरकंद, बामियान, गांधार असा आशिया खंड खुष्कीच्या मार्गाने तुडवीत तो नालंदेस पोहोचला. पुढे दक्षिणेत उतरला, आपल्या महाराष्ट्रातही आला. पामीर आणि खोतानमार्गे इ. स. 645 मध्ये तो आपल्या राजधानीत, चांगआनला परतला. दुसऱ्याच वर्षी त्याने सम्राटाच्या सांगण्यावरून आपल्या प्रवासाचा वृत्तान्त सांगून लिहविला.

आपण या प्रवाशाचे धैर्य वाखाणतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच्या शिष्याने लिहिलेले चरित्र वाचले म्हणजे दुसरीच एक गोष्ट डोळ्यांत भरते. एवढी मजल त्याने एकट्याने मारली नाही! पदोपदी कोणीतरी त्याला हात दिला. एका वृद्धाने वाळवंटाची वाट पायाखालची असलेला आपला म्हातारा घोडा त्याला दिला. पुढे पाण्याची पखाल हातून सुटली. चार रात्री आणि पाच दिवस घशाला थेंब मिळाला नाही. तेव्हा पाण्यापर्यंत नेले ते त्या मुक्या जनावरानेच.

एक तरुण वाटाड्या बरोबर आला होता. त्याने ह्युएन त्संगकडून पंचशील घेतले होते. पण पकडले जाण्याची भीती अशी की, रात्री तो सुरी उपसून भिक्खूजवळ आला आणि तसाच मागे फिरला. दुसऱ्या दिवशी त्याने पुढे येण्यास नकार दिला. ह्युएन त्संगने काय केले? त्याला एक घोडा दिला, त्याचे आभार मानले, आणि 'माझ्या देहाचे तुकडे झाले तरी तुझे नाव सांगणार नाही' अशा अर्थाची शपथ वाहिली. त्या तरुणाने अर्धीच वाट दाखविली होती. पण अर्ध्या वाटेचे ऋणही ऋणच असते.

गाओचांगच्या राजाला तर हा विद्वान भिक्खू कायमचा आपल्याजवळ हवा होता. ह्युएन त्संगने तीन दिवस अन्नपाणी वर्ज्य केले, तेव्हा राजा नमला. त्याने वाटेतल्या राज्यांसाठी 24 पत्रे दिली, घोडे, माणसे आणि वर्षानुवर्षे पुरेल एवढे द्रव्य दिले. मोबदल्यात एकच वचन घेतले : परतताना येथे तीन वर्षे राहून धम्म शिकवावा.

आता खरी कसोटी पाहा. परतीच्या वेळी सम्राट हर्षाने समुद्रमार्गे जाण्याची सोय करून देऊ केली. ह्युएन त्संगने ती नाकारली. कारण दिलेले वचन खुष्कीच्या वाटेवर उभे होते! परंतु वाटेत त्याला कळले की, इ. स. 640 मध्ये चिनी सैन्य चालून आले असताना तो राजा मरण पावला; त्याचे राज्यही बुडाले. वचन पाळावयास माणूस निघाला, आणि घेणाराच उरला नाही. ऋणको आहे, धनको नाही. अशा वेळी सामान्य माणूस म्हणेल, 'सुटलो!' ह्युएन त्संग तसा म्हणाला नाही, हे त्याच्या पुढच्या आयुष्यावरून दिसते.

त्याने 657 ग्रंथ 20 घोड्यांवर लादून आणले होते. सम्राटाने मंत्रिपद देऊ केले, ते त्याने नम्रपणे परत केले. प्रवासाला सुमारे सोळा वर्षे लागली होती. त्यानंतर इ. स. 664 मध्ये मरेपर्यंत एकोणीस वर्षे तो भाषांतराला बसला. 75 ग्रंथ, 1335 खंड! चालण्याला लागली त्याहून अधिक वर्षे बसून काम करण्याला लागली. आपण चालण्याच्या कथा सांगतो. बसण्याची कथा कोणी सांगत नाही.

इ. स. 654 मध्ये मगधातील स्नेह्यांना त्याने पत्रे पाठविली. नालंदेचे आपले वयोवृद्ध गुरू शीलभद्र वारल्याचे समजून झालेले दुःख त्यांत आहे. त्याच पत्रांत तो कळवितो की, तीसहून अधिक ग्रंथांचे भाषांतर झाले आहे. सिंधू नदी ओलांडताना काही पोथ्या वाहून गेल्या होत्या. त्यांची यादी देऊन, कृपा करून त्या पुन्हा पाठवाव्यात, असे तो मागतो. वाचकहो, शोकाच्या पत्रात कामाचा हिशेब का? कारण तोच त्याचा शोक होता. गुरू गेले, परंतु त्यांनी दिलेली विद्या तो पुढच्या हातांत सोपवीत होता.

येथे एक शंका निघेल. 'ऋण, ऋण' काय करता? माणूस जन्मतःच देवांचा, ऋषींचा आणि पितरांचा ऋणी आहे, असे सांगूनच तर आपल्या पूर्वजांकडून पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणा उकळली गेली! शंका रास्त आहे. म्हणूनच दोन्हींतला भेद ओळखला पाहिजे. ते ऋण जन्माने लादलेले आणि कर्मकांडाने फेडावयाचे. हे ऋण कोणीतरी प्रत्यक्ष केलेल्या उपकाराचे. ते आपल्या बुद्धीने ओळखावयाचे आणि कृतीने फेडावयाचे. तथागतांनी दोन माणसे जगात दुर्लभ सांगितली आहेत : आधी उपकार करणारा, आणि केलेला उपकार जाणून त्याला जागणारा. आईबापांच्या बाबतीत त्यांचे सांगणे असे की, त्यांना जन्मभर खांद्यावर वाहिले तरी फेड होत नाही; त्यांना श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा यांत स्थिर केले, तरच होते. म्हणजे फेड ओझे वाहण्याने होत नाही, धम्म पोहोचविण्याने होते.

ह्युएन त्संगच्या काळी महाराष्ट्रात शंभरावर विहार आणि पाच हजारांवर भिक्खू होते. येथील लोकांविषयी त्याने लिहून ठेवले आहे की, ते उपकारकर्त्याशी कृतज्ञ असतात. ही आपल्या मातीची जुनी साक्ष आहे. ती खोटी ठरू देऊ नका.

14 ऑक्टोबर 1956 रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूरला लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली, आणि अवघ्या 53 दिवसांनी, 6 डिसेंबरला, ते आपल्यातून गेले. त्यांना काही परत करण्याची संधी आपल्याला मिळालीच नाही. तसबिरीला हार घालणे चांगले आहे, पण हार हा हिशेब नव्हे. आपल्या घरात दीक्षा झाली, म्हणजे आपण वाळवंट ओलांडून घरी आलो. आता एकोणीस वर्षांचे बसणे पुढे आहे. त्रिसरण-पंचशीलाचा अर्थ घरातल्या वृद्धेला तिच्या बोलीत समजावून सांगा. शेजारच्या मुलाला रोज तासभर वाचावयास बसवा. आपल्या ज्ञानात जी पोथी वाहून गेली असेल, ती दुसऱ्याकडून मागून घेण्यात कमीपणा मानू नका.

ज्याने दिले तो गेला असेल. ज्याला द्यावयाचे आहे तो आपल्या दाराशीच उभा आहे. ऋण फेडावयाचे ते तेथे.