परसातली फुले फुलदाणीत
परसातली किंवा शेजारच्या बागेतली फुले घरात मांडायची, तर ती ऊन चढण्याआधी कापलेली बरी. रात्रभरात देठांत पाणी भरलेले असते. देठ पिरगळून तोडू नये, धारदार कात्रीने तिरका कापावा, म्हणजे पाणी ओढणाऱ्या नलिका चेंगरत नाहीत. पाण्यात बुडणारी पाने मात्र काढावीच लागतात. ती कुजली की जंतू वाढतात, नलिका तुंबतात आणि भरल्या पाण्यातही फूल मान टाकते. झेंडूचे पाणी तर फार लवकर घाण होते. ते रोज बदलावे. निशिगंधाची दांडी खालून वर उमलत जाते, म्हणून ती बरेच दिवस पुरते. जास्वंदीला फुलदाणी हवीच असे नाही. ती पाण्यावाचूनही दिवसभर उमललेली राहते आणि पाण्यात ठेवली तरी बहुधा संध्याकाळी मिटतेच. सोनटक्का संध्याकाळी उमलतो. त्याच्या कळ्या दुपारीच आणाव्यात, अर्थात शेजाऱ्यांना विचारून.