कागदावर न मावणारं गाणं

रॉक आणि पॉप संगीताबद्दल मराठी रसिकाचा एक जुना आक्षेप आहे आणि तो हसून उडवून लावण्यासारखा नाही. बेताचे शब्द, तीन-चार स्वरांत फिरणारी चाल आणि मागे ढणढणाट. यात गाणं कुठे आहे? शब्द लिहून काढले तर बहुतेक वेळा कविता म्हणून उभे राहत नाहीत. चाल पेटीवर काढली तर लगेच संपते, विस्ताराला वावच नाही. ज्याचा कान ख्यालावर आणि भावगीतावर तयार झाला, त्याला हा प्रश्न पडणारच. माझं म्हणणं एवढंच, की तो ज्या जागी गाणं शोधतो तिथे ते नाही. यमनमधली बंदिश दोन ओळींची असते. ती आज एका गायकाने एक तास मांडली आणि उद्या दुसऱ्याने वीस मिनिटं, तरी बंदिश तीच. रॉकचं उलट आहे. तिथे कृती म्हणजे शब्द नव्हेत, चालही नव्हे. त्या दिवशी, त्या खोलीत, त्या माणसांनी केलेलं ते एकच ध्वनिमुद्रण ही कृती. मला प्रिय असलेल्या गाण्यांचा हिशेब मांडायला बसलं की दर वेळी याच उत्तरापाशी यावं लागतं.

किंक्सचं 1964 सालचं ‘यू रिअली गॉट मी’ घ्या. स्वरलिपीत ते जवळजवळ काहीच नाही. गिटारचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, एवढंच. पण डेव्ह डेव्हिसने आपल्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरून ठेवला होता आणि त्यातून निघालेला तो खरखरीत, फाटका आवाज हाच त्या गाण्याचा आशय आहे. त्याआधीच्या वर्षी अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात किंग्समेन या तरुणांच्या बँडने ‘लुई लुई’ मुद्रित केलं. मूळ गाणं रिचर्ड बेरीचं, 1957 चं, बरंच सौम्य. किंग्समेनच्या मुद्रणात गायकाचे शब्द इतके अस्पष्ट आहेत, की त्यात अश्लील काही असावं या संशयाने एफबीआयने चौकशी केली आणि अखेर शब्द कळत नाहीत असाच निष्कर्ष निघाला. (सरकारी खात्याने रॉकची इतकी प्रामाणिक समीक्षा पुन्हा क्वचितच केली असेल.) त्याच मुद्रणात गिटारचा एकल तुकडा संपल्यावर गायक ठरलेल्या जागेच्या आधीच सुरू होतो, चूक लक्षात येऊन थांबतो आणि ड्रमर मधली फट भरून काढतो. चूक तशीच राहिली. पुढे हे गाणं असंख्य बँडनी वाजवलं, आणि ती चूक काढून टाकलेलं ‘लुई लुई’ ऐकताना काहीतरी हरवल्यासारखं वाटतं.

माझ्या यादीत सगळ्यात वर रोलिंग स्टोन्सचं ‘गिमी शेल्टर’ आहे, 1969 चं. युद्धाच्या, हिंसेच्या सावटाचं गाणं. मिक जॅगर ते गातो, पण ते गाणं मेरी क्लेटनचं आहे. लॉस एंजेलिसमध्ये रात्री उशिरा तिला फोन करून स्टुडिओत बोलावलं गेलं. ती गरोदर होती, बँडशी तिचा फारसा परिचय नव्हता. हातात दिलेल्या ओळी तिने मोजक्या टेकमध्ये गायल्या. तीच ओळ ती पुन्हा पुन्हा वरच्या पट्टीत घेते, दर वेळी आधीपेक्षा जोरात, आणि एका क्षणी तिचा आवाज चिरकतो. त्या चिरकण्यावर मागून कुणीतरी भारावून ओरडल्याचंही स्पष्ट ऐकू येतं. आपल्याकडे गायकाचा आवाज असा फाटला तर श्रोते संकोचून मान खाली घालतील, आणि रागसंगीतात ते योग्यच आहे, कारण तिथे स्वर हे साध्य आहे. इथे स्वर साधन आहे. भीतीबद्दल गाणारा आवाज भीतीने मोडतो, आणि ते मोडणं कुठल्याही स्वरलिपीत लिहिता येत नाही. क्लेटनलाही ते पुन्हा जसंच्या तसं करता आलं नसतं.

यावर कोणी म्हणेल, की मग हे संगीत कशाला, ही तर अपघातांची आणि यंत्रांची करामत. यंत्राचा वाटा मी नाकारत नाही; उलट तो पुरावा म्हणूनच मांडतो. बीटल्सने ऑगस्ट 1966 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला दौऱ्यावरचा शेवटचा जलसा केला आणि ते स्टुडिओत शिरले. तिथे झालेल्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ची दोन मुद्रणं होती, एक संथ आणि हलकं, दुसरं जलद, चेलो आणि ट्रम्पेट घेऊन आलेलं. जॉन लेननला एकाची सुरुवात हवी होती आणि दुसऱ्याचा शेवट. लय निराळी, पट्टीही निराळी. निर्माता जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी फितींचा वेग बदलून दोन्ही जुळवली आणि साधारण एका मिनिटावर जोड दिला. जोडानंतरचा लेननचा आवाज जडावलेला, स्वप्नातून आल्यासारखा वाटतो तो या वेगबदलामुळे. हे गाणं कुठल्याही व्यासपीठावर कधी घडलेलंच नाही. ते फक्त त्या फितीवर आहे. क्वीनच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चंही तेच. फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला याचा आपल्याला अभिमान वाटतो, पण त्याने केलेलं धाडस जास्त अभिमानास्पद आहे. 1975 च्या त्या मुद्रणातला ऑपेराचा भाग मोजक्या गळ्यांचे थरांवर थर चढवून तयार झाला. जलशात तो गाणं अशक्य होतं, म्हणून त्या भागापुरता बँड मंच सोडून जायचा आणि टेप लागायची. प्रत्यक्ष गायक मंचाबाहेर आणि मंचावर ध्वनिमुद्रण! काहींना ही फसवणूक वाटते. मला तो प्रामाणिकपणा वाटतो.

दुसरा आक्षेप अधिक भक्कम आहे. गाणं एकाच मुद्रणात बांधलेलं असेल, तर इतरांनी गायलेल्या आवृत्त्या मूळ गाण्यावर मात कशा करतात? बॉब डिलनने 1967 मध्ये ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ गिटार आणि माउथ ऑर्गनवर साधेपणाने गायलं. पुढच्या वर्षी जिमी हेंड्रिक्सने त्याचं वादळ केलं आणि नंतर डिलन स्वतः ते हेंड्रिक्सच्या वळणाने गाऊ लागला. ‘हर्ट’ ट्रेंट रेझनरने लिहिलं तेव्हा तो तिशीच्याही आतला होता. 2002 मध्ये सत्तरीतल्या, थकलेल्या जॉनी कॅशने ते गायलं. कॅश पुढच्या वर्षी गेला. शब्द जवळपास तेच, पण एकात तरुणाचा आत्मघातकी संताप आहे आणि दुसऱ्यात संपत आलेल्या आयुष्याचा जमाखर्च. शब्द आणि चाल हेच गाणं असतं, तर हा एवढा फरक आला कुठून? या दोन आवृत्त्या नव्हेत, दोन कृती आहेत.

डिलनला 2016 मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं, त्यामुळे शब्दांचा पक्ष बळावला. पण ‘लाइक अ रोलिंग स्टोन’मधला ऑर्गन काढून पाहा. तो वाजवणारा अल कूपर हा गिटारवादक. ऑर्गनचा त्याला सराव नव्हता. इतर जण कोणता कॉर्ड घेतात ते ऐकून मग तो हात टाकत होता, म्हणून ऑर्गन किंचित मागून येतो, आणि डिलनने तोच आवाज वाढवायला सांगितला. राहता राहिला स्मरणरंजनाचा मुद्दा, की आपण गाणी नव्हे, आपली विशी ऐकत असतो. केट बुशचं ‘रनिंग अप दॅट हिल’ 1985 मध्ये ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. एका मालिकेत वापरल्यावर 2022 मध्ये ते पहिल्या क्रमांकावर पोचलं. ज्यांनी ते वर चढवलं त्यांतल्या पुष्कळांचा 1985 मध्ये जन्मही झाला नव्हता. मालिकेने गाणं त्यांच्या कानापर्यंत नेलं हे खरं, पण तिथे ते टिकलं ते त्या मुद्रणातल्या आवाजामुळे.

आजच्या संगणकीय स्टुडिओत मात्र हे अपघात पुसून टाकण्याची सोय आहे, आणि पुष्कळ गाणी त्यामुळे गुळगुळीत, एकसारखी झाली आहेत. तरी यंत्राला दोष देऊन भागत नाही. ऑटोट्यून हे सूर चुकल्याचं झाकण्यासाठी केलेलं साधन. 1998 मध्ये शेरच्या ‘बिलीव्ह’मध्ये तेच मुद्दाम टोकाला नेऊन कानावर आदळेल असं वापरलं गेलं. झाकणारं साधनच गाण्याचा चेहरा झालं.

हा सगळा खटाटोप केवळ रसिकांपुरता नाही. कायद्याची गाण्याविषयीची कल्पना कागदाची आहे: शब्द लिहिणारा आणि चाल लावणारा यांनाच गाण्याचे जनक मानायचं, बाकीचे रोजंदारीवरचे. मूळ मुद्रणातला म्युझिक पीस वादकाने बदलला तर आपल्याकडे भावगीताच्या कार्यक्रमातही श्रोते अस्वस्थ होतात, पण तो पीस कोणी रचला हे सांगता येणारे थोडेच. ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’ हे 1967 चं गाणं ज्या ऑर्गनमुळे ओळखलं जातं, तो वाजवणाऱ्या मॅथ्यू फिशरला त्या संगीतात 40 टक्के वाटा मिळण्यासाठी 2009 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत जावं लागलं. पिंक फ्लॉइडच्या ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मध्ये तर शब्दच नाहीत. रिचर्ड राइटच्या पियानोवर क्लेअर टोरीने जे गायलं ते तिथल्या तिथे सुचलेलं होतं, आणि त्या रविवारच्या कामाचे तिला 30 पौंड मिळाले. 2004 मध्ये ती कोर्टात गेली, पुढच्या वर्षी तडजोड झाली. 1973 च्या त्या गाण्यावर रचनाकार म्हणून आता राइटबरोबर तिचंही नाव छापलं जातं.