दुसरी रेघ

सावकाश वाचा. मूल होण्याच्या विषयात घाई करणारे घरोघरी पुष्कळ आहेत.

मनात परळी वैजनाथ आणा. देवळाच्या पायऱ्या चढा, गाभाऱ्यात जा. इथे लिंगाला हात लावून दर्शन घ्यायची रीत आहे. देवांनी अमृत आणि धन्वंतरी याच लिंगात लपवले, अशी कथा इथे सांगतात. म्हणून हा वैद्यनाथ. तळहात टेकवा. दगड गार लागतो. हात तसाच राहू द्या.

आता त्याच हातात बोटभर लांबीची एक पट्टी घ्या. बीज कधी सुटेल ते सांगणारी. मेंदूच्या बुडाशी असलेली ग्रंथी एक संप्रेरक एकदम वाढवते, त्यानंतर साधारण 24 ते 36 तासांत बीज बाहेर पडतं. ही वाढ लघवीत उतरते, पट्टी ती पकडते आणि दोन रेघा दाखवते.

इथे थांबा. आशाताईंकडच्या ‘निश्चय’ या गर्भचाचणी किटवरही दोनच रेघा. तिथे दुसरी रेघ पुसट आली तरी बाई दिवस राहिले असं धरते, आणि ते बहुधा बरोबर असतं. या पट्टीवर मात्र पुसट म्हणजे अजून वेळ आहे. दुसरी रेघ पहिलीइतकी किंवा तिच्याहून गडद हवी. न्हाणीतल्या पिवळ्या बल्बखाली पट्टी धरून बघा. बाहेर कुणीतरी कडी वाजवतंय. आली का गडद?

आता न्हाणीही काढून टाका. परळीच्या आसपासची माणसं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, फडाशेजारी कोपीत राहतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दोघांवर मिळून. एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जातात. मूल होण्याच्या उपचारात बीजाची वाढ बघायला दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी लागते. म्हणजे तितके खाडे. पट्टीच्या कागदावर लिहिलेलं असतं, तपासण्याआधी दोन तास लघवी रोखा, पाणी फार पिऊ नका. आडोसा नाही म्हणून फडातली बाई हे रोजच करते. पाळीमुळे खाडे पडतात म्हणून गर्भपिशवीच काढून टाकलेल्या बायकाही याच बीड जिल्ह्यातल्या. 2019 च्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. हा आकडा एकदा मोठ्यानं वाचा. मग पट्टीकडे परत या.

पट्टी घरी आली की सगळं सोपं झालं, असं मला वाटत नाही. सोनोग्राफीचं यंत्रही बाईच्या सोयीसाठीच आलं होतं. पण त्याच यंत्रावर गर्भाचं लिंग पाहिलं गेलं, आणि 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 807 मुली उरल्या होत्या.

तरीही पट्टी हवीच. 1967 साली अमेरिकेत मार्गारेट क्रेन नावाची एक ग्राफिक डिझायनर औषध कंपनीत काम करत होती. प्रयोगशाळेत आरशावर उभ्या केलेल्या परीक्षानळ्या तिनं पाहिल्या आणि वाटलं, हे बाईला घरीच का करता येऊ नये? टेबलावरच्या क्लिपांच्या पारदर्शक डबीवरून तिनं घरगुती गर्भचाचणीचा पहिला नमुना बनवला. निकाल बाईला सर्वांआधी कळावा, एवढंच तिला हवं होतं.

आता पट्टी खाली ठेवा आणि तिच्या शेजारी एक रिकामी डबी ठेवा, नवऱ्याची. मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळजवळ निम्म्या वेळा पुरुषाच्या बाजूनंही काही कमी असतं. घरी घेतलेला वीर्याचा नमुना अंगाच्या उबेत तासाभरात लॅबमध्ये पोचवावा लागतो. परळीहून अंबाजोगाईपर्यंत ते जमेल, फडातल्या कोपीतून नाही. त्यासाठी घरी शुक्राणू मोजणारी किट आहेत. बहुतेक नुसता आकडा सांगतात, म्हणून पुढची तपासणी सुटत नाही. पण ओटी भरताना जिला मागे ठेवतात तिच्या दृष्टीनं तो आकडाही पुष्कळ बोलका आहे. डबीकडे बघत बसा. ती उचलायला किती वेळ लागतो, ते मोजा.

असं किट कुणी बनवत असाल तर एवढं करा: सूचना चित्रांत द्या, रेघ अंधुक उजेडात दिसेल इतकी जाड ठेवा, वेष्टनावर बाळाचं चित्र छापू नका, आणि नवऱ्याची डबी सगळ्यात वर ठेवा.